रुबार्बचा गड्डा आणि कैरीशिवायचा मेथांबा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला मागचं गार्डन दाखवत होते, रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठासाठी इकडे लावतात त्या झाडाच्या, वाफ्यापाशी कॅमेरा नेला आणि आई एकदम म्हणाली, "हे अळूच की गे! केवढी पानं झाल्यात, वड्या कर की!" मी म्हटलं आई, हे पान अजिबात खायचं नाही, विषारी आहे. तिला काही पटेना, कारण दिसायला खरंच आपल्या परड्यातल्या मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूसारखंच, तसंच रुंद, देठ तेवढा लालभडक. म्हणून आधी हेच सांगते, कोणी इकडे इंग्लंडात नवीन आलं असेल तर लक्षात ठेवा, रुबार्बचा फक्त देठ खायचा. अळूत पण ऑक्झलेट असतं, म्हणून तर घसा खाजतो आणि आपण चिंच घालून नीट शिजवतो, पण रुबार्बच्या पानातलं ऑक्झॅलिक अॅसिड शिजवून जात नाही. पहिल्या महायुद्धात इथं भाजीपाल्याची टंचाई होती तेव्हा ही पानं भाजी म्हणून खा असा सल्ला लोकांना दिला गेला आणि त्यात माणसं दगावली. पानं मी कंपोस्टमध्ये टाकते, तिथं कुजून गेली की काही त्रास नाही.

आम्ही वेकफील्डजवळ राहतो, यॉर्कशायरमध्ये. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या तीन गावांच्या मधल्या पट्ट्याला इथं रुबार्ब ट्रँगलच म्हणतात, म्हणजे आपल्याकडं महालिंगपूर म्हटलं की गूळ तसं इथं रुबार्ब. त्यामुळं घर घेतल्यावर पहिली गोष्ट काय लावायची हे ठरलेलंच होतं. बी पेरून करता येतं पण वेळ फार जातो आणि रोप मूळ जातीसारखं येईलच असं नाही, म्हणून लोक बेअर रूट घेतात, म्हणजे कुंडी नाही, माती नाही, झोपी गेलेला नुसता गड्डा. डिसेंबरात पार्सल आलं, तीन गड्डे, दोन टिंपर्ली अर्ली आणि एक व्हिक्टोरिया, या रुबार्बच्या जाती. उघडून बघितलं तर सुरणाचा वाळका तुकडा असावा तसं दिसत होतं, खाली जाडजाड तपकिरी मुळ्या आणि वर गुलाबी फुगीर डोळा. तो डोळा बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कारण बटाट्याचं बियाणं डोळे बघून कापायचं हे मी लहानपणी आजीच्या शेजारी बसून शिकलेय. माझं माहेर बेळगावजवळ उचगावच्या बाजूला, तांबडी माती, बटाटा आणि रताळी, जमिनीखालच्या पिकाची सवय अंगात आहे.

आणि तिथंच चुकलं. मी बटाट्यासारखंच केलं, खोल पुरला आणि वर मातीची भर चढवली. इथली माती चिकण, हिवाळाभर ओली, पाणी लवकर निचरतच नाही. फेब्रुवारीत दोन गड्ड्यांचे डोळे वर आले, तिसरा उकरला तर मऊ, काळा, वास मारत होता. मला खरंच फार वाईट वाटलं, दोन दिवस त्या खड्ड्याकडं बघवेना. बाजूच्या घरातल्या आजोबांनी मग समजावलं की बटाटा वेगळा, तो मातीखाली धरतो म्हणून त्याला भर लागते, रुबार्बचा डोळा मातीच्या बरोबरीला नाहीतर किंचित वर पाहिजे, त्याच्यावर ओली माती बसली की तो कुजतोच. शेणखत घालायचं ते पण गड्ड्याच्या भोवती गोल, डोक्यावर नाही. मुळ्या खाली नीट मावतील एवढा खड्डा, दोन गड्ड्यांत जवळजवळ तीन फूट अंतर, कारण पुढं पान केवढं होतं ते आईनं बघितलंच. राहिलेल्या दोघांची भर मी त्याच दिवशी हातानं काढली.

पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचा नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. समोर लाल देठ डोलताहेत आणि हात लावायचा नाही, कारण ती पानंच ऊन खाऊन खालच्या गड्ड्यात साठा करत असतात. दुसऱ्या वर्षी थोडेसे घेतले, तिसऱ्यापासून मनसोक्त, तरी एकावेळी निम्म्याहून जास्त नाही आणि जुलै लागला की बंद. तोडायचं म्हणजे सुरीनं कापायचं नाही, कापलेला बुंधा कुजतो, देठ खाली बुडाशी धरून जरा पिळून ओढायचा, टक् असा आवाज होऊन सुटतो. मधनंच फुलाचा दांडा आला तर तो लगेच काढायचा, नाहीतर सगळी ताकद बियांत जाते.

इथली व्यापारी शेती तर बघण्यासारखी आहे. गड्डे दोन वर्षं उघड्या शेतात वाढवतात, त्यातनं काही काढत नाहीत, मग थंडीचा कडाका नीट लागला की उचलून अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये नेतात. उजेड नाही म्हणून पान पिवळं आणि बारकं राहतं, साठवलेली सगळी गोडी देठात येते, आणि तोडणी मेणबत्तीच्या उजेडात करतात कारण जास्त उजेड लागला तर देठ राठ होतो. मी एकदा फेब्रुवारीत गेले होते, शेडमध्ये सगळे गप्प उभे राहिलो तर डोळे फुटताना बारीक पट्पट् आवाज येत होता, अंगावर काटा आला. या रुबार्बला २०१० मध्ये युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं, आपल्याकडच्या जीआय टॅगसारखं. शेतात खत म्हणून लोकरीच्या गिरण्यांमधला टाकाऊ चुरा घालायची जुनी पद्धत पण इथलीच. शेडमधून काढलेला गड्डा मात्र पार रिकामा झालेला असतो, टाकूनच देतात, म्हणून मी घरच्या गड्ड्यावर बादली पालथी घालून तो प्रकार करत नाही, मला माझे दोन्ही हवेत.

आता मेथांबा. इथं एप्रिल-मे म्हणजे रुबार्बचा भर आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडं कैरी. चांगली कडक आंबट कैरी मला इथं मिळत नाही, मिळते ती मऊ पडलेली. मग एकदा रुबार्बचे देठ बोटाएवढे चिरले, तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, तिखट, त्यात देठ आणि गूळ. कैरी दहा मिनिटं तरी धरून राहते, हा तीन-चार मिनिटांत मोडतो, म्हणून पाणी अजिबात घालायचं नाही आणि गूळ आधी फोडणीत विरघळवून घ्यायचा, फोडी सगळ्यात शेवटी. गूळ कैरीपेक्षा जास्त लागतो. पहिला घास भाकरीबरोबर खाल्ला आणि मी खरंच रडले. वरणात पण दोन तुकडे घालते, चिंच लागत नाही.

आईचं म्हणणं, एक गड्डा पाठव, मी परड्यात लावते. मी तिला सांगितलं की एक तर जिवंत मुळं परवानगी आणि तपासणीचे कागद नसताना भारतात नेता येत नाहीत, आणि नेली तरी जमायचं नाही. आपल्याकडं धूळवाफ पेरणी करून सगळे पावसाची वाट बघतात ना, तशी या गड्ड्याला थंडीची वाट बघायची सवय, कित्येक आठवडे पाच डिग्रीच्या खाली गेल्याशिवाय तो नीट जागा होत नाही. बेळगावात कितीही गारठा म्हटला तरी पहाटे पारा तेरा-चौदाच्या आसपास, आणि पुढं एप्रिलचं ऊन त्याला सोसायचं नाही. यावर आई म्हणाली, "मग आजीच्या बटव्यात रेवाचिनी असायची ती कुठली?" ती याच कुळातली, हिमालयात होते, तिचं वाळवलेलं मूळ पोट साफ व्हायला देतात. आईला हे आठवलं याचा मला फार आनंद झाला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई येतेय, पहिल्यांदाच. टिंपर्लीचे देठ आम्ही मार्चपासून खातोय, पण व्हिक्टोरियाला यंदा अजून कोणी हात लावलेला नाही, नवऱ्याला आणि पोरांना बजावून ठेवलंय. आई महालिंगपूरचा गूळ आणि घरचे मेथीदाणे आणणार आहे, तोडायचं कसं ते मी तिला तिथंच उभं करून दाखवणार.