चुना की हळद

वाईजवळच्या एका जुन्या वाड्याचा आता होमस्टे झालाय. त्याच्या फोटोंचं काम होतं. अंगण, सोपा, माडी सकाळीच उरकली. अडलं ते देवघरात. खिडकीतून रणरणतं ऊन आणि आत उजेड फक्त समईचा. ट्रायपॉडवर १/१२५ ते ८ सेकंद, दोन-दोन स्टॉपच्या, म्हणजे दर वेळी चौपट उजेडाच्या, अंतराने फ्रेम घेतल्या. ज्योत प्रत्येकीत वेगळीच झुकलेली, म्हणून ती एकाच फ्रेममधली ठेवली.

अशा कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून एक चित्र करायचं, ते एचडीआर. पण एचडीआर म्हटलं की लोकांना भडक आकाश आठवतं. स्लायडर टोकाला नेऊन ठेवणाऱ्यांची कृपा!

जोडलेली फाइल तिथेच ल्युमिनन्स एचडीआर या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. उजेडाचा एवढा मोठा फरक पडद्यावर मावेल असा आवळायची राइनहार्ड आणि डेव्हलिन यांची २००५ची पद्धत मला आवडते, कारण ती डोळ्यातल्या पेशी उजेडाला कशा सरावतात त्यावर बेतलेली आहे. तिच्यातला लाइट अडॅप्टेशनचा स्लायडर ०वर असेल तर सगळं चित्र एकाच सरासरी उजेडाला सरावतं. १ केलं की प्रत्येक पिक्सेल आपल्यापुरता सरावतो. कोनाडे उघडतात, पण चित्र सपाट पडतं. ०.८ला थांबलो. क्रोमॅटिक अडॅप्टेशन, म्हणजे उजेडाच्या रंगाला सरावण्याचा स्लायडर, ०वरच होता, त्यामुळे भिंती पिवळ्याधमक.

"हेच पाहिजे, एकदम वॉर्म," मालकांचा मुलगा म्हणाला. हा शब्द हल्ली प्रत्येक ब्रोशरवाल्याच्या तोंडी असतो.

मागून आजी वाकून बघत होत्या. "अरे, आमच्या भिंतीला चुना लावलाय, हळद नव्हे."

त्यांचंही खरंच होतं. तासभर समईपुढे बसणाऱ्याच्या डोळ्यांना पिवळा उजेड पिवळा राहतच नाही. क्रोमॅटिक वाढवत नेलं. ०.७ला भिंत पांढरी झाली, पण देवीच्या कपाळावरचं कुंकू विटलं आणि समईचं पितळ जर्मनचं वाटायला लागलं. प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा वेगवेगळा सरावतो, त्यात रंगच उतरतो. आजींना भिंतही पांढरी दिसते आणि कुंकूही लाल. एका स्लायडरमध्ये हे दोन्ही बसत नाही.

ब्रोशरला पिवळाच गेला, पैसे त्यांचे. आजींसाठी मात्र वेगळी प्रिंट करतोय. भिंत ०.७ची, देव आणि समई ०.१ची, मधे मास्क, म्हणजे कुठे कोणतं चित्र दिसावं ते ठरवणारा पडदा. तेवढं जमलंय. पण आजी पाटावर बसतात तेव्हा खिडकी त्यांच्या पाठीशी असते, आणि माझ्या फ्रेममध्ये ती उजवीकडे लख्ख पेटलेली आहे. ती कापली तर देव्हाऱ्याचा खांब जातो.