लाटा नसलेली जागा

एप्रिल संपत आला होता. आभाळ मोकळं, वारा पडलेला. अशा दिवशी मोरजीला आलेले पाहुणे म्हणतात, आज समुद्र शांत आहे. मी इथला जीवरक्षक, ड्युटीवर आलो की आधी घड्याळ धरतो. एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत किती सेकंद? इथल्याच वाऱ्याने उठवलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांनी येतात. त्या सकाळी मधलं अंतर १७ सेकंद भरत होतं. म्हणजे लाट परमुलखातली. पार दक्षिणेला, ४० अक्षांशाच्या आसपास वादळं होतात, तिथे उठलेली लाट सहा हजार किलोमीटर तुडवत पाच-एक दिवसांनी गोव्याला लागते. पाणी तिथलं येत नाही, जोर तेवढा येतो. खोल समुद्रात होडीवाल्याला ती जाणवतसुद्धा नाही. उथळ पाण्यात तळ लागला की ती मंदावते आणि उंच उठते. समुद्राचा अंदाज देणारी हैदराबादची सरकारी संस्था, इन्कॉइस, अशा लाटांचा इशारा आधी देते, पण वाळूत चादर पसरून बसलेल्या माणसापर्यंत तो कोण पोचवणार?

त्यात दुपारची सुकती, म्हणजे ओहोटी. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा दांडा आहे. लाटा त्याच्यावर फुटतात आणि पाणी अलीकडे ढकलतात. ते साचलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि दांडा जिथे तुटलेला असतो तिथून सगळं एकदम बाहेर पळतं. ती जागा खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. फेस नाही, पाणी जरा गडद. दोन्हीकडे पांढरं उसळतंय आणि मध्ये एक गुळगुळीत पट्टा. आम्ही तिथे लाल बावटा रोवला होता.

कोल्हापूरचं कुटुंब नेमकं तिथेच उतरलं. वडील, मामा, दोन मुलं. मी शिट्टी मारली, वडिलांनी हात हलवून ‘ठीक आहे’ केलं. बराच वेळ खरंच काही झालं नाही. या लाटा झुंडीने येतात. मध्ये निवांतपणा असतो आणि माणसं त्यातच उतरतात. मग पाच-सहा मोठ्या लाटा लागोपाठ आल्या आणि पट्ट्याने ओढ घेतली. धाकट्याला मामाने खेचलं. वडील आणि थोरली मुलगी ओढीत वाहून गेले.

माझा जोडीदार आमच्यातला सर्वांत वेगवान पोहणारा. तो समोर दिसेल तसा सरळ घुसला आणि फुटत्या लाटांनी त्याला दोनदा मागे आणलं. ताकदीवर फार भरवसा, नवीन पोरांचं हे असंच. मी ओढीतच उतरलो. तिच्याबरोबर गेलं तर ती न थकवता बाहेर नेते. सेकंदाला मीटरभर, कधी त्याहून जास्त वेगाने पळणाऱ्या पाण्याविरुद्ध कुणाचं काय चालणार? वडील नेमकं तेच करत होते. मुलगी खांद्यावर, तोंड किनाऱ्याकडे, हात मारतायत आणि मागे मागे जातायत. ओढ माणसाला तळाला नेत नाही. दमवते, आणि दमलेला माणूस बुडतो.

बचावाची तरंगती ट्यूब मुलीच्या काखेतून घातली. म्हटलं, “दादा, किनारा सोडा. माझ्याबरोबर आडवे चला.” आम्ही उत्तरेला सरकलो, दांड्यावर आलो आणि ज्या लाटांना ते भ्याले होते त्यांनीच आम्हाला आत ढकललं. बाहेर आल्यावरही ट्यूबच्या पट्ट्यावरची वडिलांची मूठ उघडेना. एकेक बोट मी सोडवलं.

मग ते म्हणाले, “पोरं बरोबर होती, म्हणून तर लाटा नसलेली जागा बघितली हो.”

हे वाक्य डोक्यातून जात नाही. बुडणारे सगळे दारू पिऊन उतरतात, असं आमचेच लोक सर्रास बोलतात. हा माणूस थेंबही न घेतलेला. त्याने विचार केला होता आणि बापाने करावा तसाच केला होता. किनाऱ्यावरच्या फलकावर ‘धोका’ एवढंच मोठ्या अक्षरांत आहे. धोका दिसतो कसा, याचं एक चित्र नाही. तसं चित्र काढून मी वर दिलंय. साहेब म्हणाले, लोक वाचत नाहीत. मला ते पटत नाही. हा माणूस वाचणारा होता.

“मग लहान पोरांनी उतरायचं कुठं?” त्या दिवशी वडिलांनी विचारलं होतं. मी पांढऱ्या फेसाकडे, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या जागेकडे बोट दाखवलं. म्हटलं, तिथे, आणि तेही गुडघाभरच. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. शिट्टी ऐकून माणूस माझ्याकडे दहा सेकंद बघतो. तेवढ्यात हे कसं सांगायचं, त्याचे शब्द मी अजून जुळवतोय.