फुलराणीच्या लग्नातले वऱ्हाडी

आमच्या मराठीच्या बाईंना ‘चेतनगुणोक्ती अलंकार’ (म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागवणं) एवढं उत्तर पुरत नसे. परीक्षेत त्याचा गुण मिळायचा, पण वर्गात त्या लगेच विचारायच्या, ‘बरं, मग पुढे?’

बालकवींची ‘फुलराणी’ शिकवताना त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे लग्नघर, दुसरीकडे पहाट. नवरी फूल, नवरदेव सूर्यकिरण, सनईवाला वारा, पखवाज वाजवणारे झरे. गुलाबी फेटा बांधून आलेला म्हणजे रंगलेला ढग. इथवर सगळ्यांनाच जमलं. मग प्रश्न आला : हे काम यालाच का दिलं? वाङ्‌निश्चयाला चंडोलच का, कावळा का नाही? वर्ग हसला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, चंडोल गवतातून उठतो आणि गात गात सरळ आभाळात चढतो. मुलीकडचे जमिनीवर, मुलाकडचे आकाशात. बोलणी करायला त्याच्याइतका सोयीचा मध्यस्थ दुसरा कोण?

अंतरपाटावर तर जवळजवळ अख्खा तास गेला. तो दवाचा आहे. धुक्याचा का नाही, असं एकीने विचारलं. धुक्याचं वस्त्र आधीच धरणी नेसून बसली होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे दव रात्री जमतं, ऊन लागलं की विरतं. तेव्हा हा अंतरपाट दूर करायला भटजी नको. नवरदेव पोचला की तो आपसूक फिटतो! संध्याकाळची नजरानजर, रात्रीचा विरह, सकाळचं लग्न, सगळी गोष्ट सूर्याच्या जाण्यायेण्यावर बेतलेली. जेमतेम २७ वर्षांचं आयुष्य (१८९०-१९१८) लाभलेल्या या कवीने कल्पना कितीही उंच नेली, तरी निसर्गाचा क्रम सहसा मोडला नाही. ‘सहसा’ म्हणायचं कारण, नाचायला भारद्वाज बोलावलेला मला अजून पटत नाही. भारद्वाज पाहिलेल्यांनीच सांगावं, तो नाचतो की रुबाबात फिरतो!

एक वाद मात्र राहून गेला. वऱ्हाडी मोती उधळत येतात, ते मोती कोणते? निम्मा वर्ग म्हणाला तारे, निम्मा म्हणाला दवबिंदू, आणि घंटा झाली. मी दवाच्या बाजूचा होतो, अजूनही आहे. कारण कवितेत ग्रहमाला त्याआधीच खेळून दमल्यात आणि लपायला लागल्यात. तारेवाल्यांनी शाळेच्या महोत्सवाच्या स्नेहमेळाव्याला येताना यावर काहीतरी उत्तर घेऊन यावं.