सही केली की नाही?

स्मरणिकेसाठी काही लिहा म्हटलं की लेखणी आपोआप गॅदरिंग आणि सहलीकडे वळते. त्यावर लिहिणारे पुष्कळ असतील. मला आठवतं ते एक क्रियापद : हेझिटेट. आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्यावर तासच्या तास घालवले होते, आणि अभ्यासक्रम मागे पडतोय याची त्यांना काही फिकीर नव्हती.

वहीत ‘हेझिटेट – संकोच करणे’ असं लिहून मोकळं व्हायची आमची रीत. सर म्हणाले, चूक नाही, पण अपुरं आहे. मग त्यांनी मराठी क्रियापदं मागितली. चाचरणे, कचरणे, घुटमळणे, बिचकणे, का-कू करणे, आढेवेढे घेणे; फळा भरला. चाचरते ती जीभ, घुटमळतात ते पाय, कचरतं ते मन. इंग्रजी क्रियापद या तिघांचीही कामं एकट्याने करतं. ‘आढेवेढे’ मात्र सरांनी पुसून टाकले. आढेवेढे घेणाऱ्याचं मनातून ठरलेलं असतं, त्याला फक्त आग्रह हवा असतो, म्हणाले. वर्गातल्या गायकाकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

शेजारची क्रियापदंही त्यांनी ओळीत उभी केली. चालू काम मध्येच अडखळलं, बोलता बोलता आवाज कापला, तर ‘फॉल्टर’. घेतलेला निर्णय डळमळू लागला तर ‘वेव्हर’. हेझिटेट बहुधा कृतीच्या अलीकडचं. मूळ लॅटिन, अर्थ चिकटून राहणे, अडकणे. डिंकासारख्या पदार्थांना इंग्रजीत ‘अ‍ॅडहेसिव्ह’ म्हणतात, तो शब्दही त्याच मुळाचा. त्यानंतर कुणी उत्तर देताना अडलं की मागच्या बाकावरून ‘चिकटला!’ अशी आरोळी यायची.

व्याकरण त्यांनी झटपट उरकलं. या क्रियापदाला कर्म लागत नाही, म्हणजे ‘निर्णय हेझिटेट केला’ असं इंग्रजीत होत नाही. जे करायला मन कचरतं ते ‘टू’ लावून पुढे येतं; एखाद्या गोष्टीबद्दल असेल तर ‘ओव्हर’ किंवा ‘अबाउट’.

खरी मजा पुढे होती. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं : ‘ही हेझिटेटेड टू साइन.’ आणि विचारलं, सही केली की नाही? अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही. भरपूर भांडू दिल्यावर सरांनी सांगितलं, वाक्यात ते नाहीच. ‘रिफ्यूज्ड’ असतं तर सही झाली नाही हे कळलं असतं. इथे तो थांबला, एवढंच कळतं. पण तेच वाक्य नकारार्थी करा, ‘ही डिडन्ट हेझिटेट टू साइन’. आता सही झाली असंच कुणीही समजेल. आणि ‘आय हेझिटेट टू से’ असं म्हणणारा माणूस ती गोष्ट हटकून सांगतोच!

कामाच्या पत्रांत ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट अस’ हे वाक्य मी असंख्य वेळा टाईप केलं आहे. त्यात थांबणं-बिंबणं काही उरलेलं नाही. ‘हवं तर विचारा’ याचा तो सुटाबुटातला अवतार.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाच्या आरोग्यापुढच्या 10 धोक्यांची यादी काढली, तिच्यात ‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’ होती. व्याख्या अशी की लस उपलब्ध असूनही ती घ्यायला उशीर करणे किंवा ती नाकारणे. म्हणजे रांगेपाशी घुटमळणारा आणि सरळ नाही म्हणणारा, दोघे एकाच शब्दात. मला ही सोय पटत नाही. घुटमळणाऱ्याची शंका फेडता येते, ठाम नकार देणाऱ्यापुढे वेगळं काही करावं लागतं. कदाचित नकार देणाऱ्याचं दार बंद होऊ नये म्हणूनच मुद्दाम मवाळ शब्द निवडला असेल. सर समारंभाला येणार आहेत असं कळलं. गर्दीतून वाट काढून आधी हेच विचारायचं आहे, की हा शब्द त्यांनी फळ्यावर ठेवला असता की आढेवेढ्यांसारखा पुसला असता.