इंटरनेट बंदीचा आदेश हातात पडेपर्यंत

आमच्या तालुक्यात ३ दिवस मोबाइल इंटरनेट बंद होतं. माझा धंदा ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा. परीक्षेचे फॉर्म भरायला आलेली मुलं दारातून परत गेली. बंदीचा आदेश मला वाचायचा होता. काश्मीरमधल्या बंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० लाच सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. आमचा कुठेच सापडला नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, इथवर काहीच त्रास नाही.

मग पहिल्या कार्यालयाने अर्ज दुसरीकडे पाठवला. कलम ६(३) प्रमाणे हे ५ दिवसांत व्हायला हवं. मला पत्र मिळालं २६ व्या दिवशी. दुसऱ्याने 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' असं लिहून तो परत पहिल्याकडे धाडला. मी स्वतः गेलो. "तुम्हाला कशाला पाहिजे?" साहेबांनी विचारलं. अर्जदाराला कारण विचारता येत नाही, हे कलम ६(२) मी छापूनच नेलं होतं. कागद टेबलावर ठेवला, त्यांनी तो बाजूला सारला. आणखी तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या आदेशाने माझं काम थांबवलं, तो वाचायचा हक्कही मला नाही?

पहिल्या अपिलात (तिकीट २० रुपयांचं) मी दोनच मुद्दे मांडले: भसीन खटल्याचा निकाल, आणि कलम १०, म्हणजे गोपनीय तेवढं झाकून बाकीचं द्या. सुनावणी दहा मिनिटांत उरकली. पंधरवड्याने आदेशाची दोन पानं आली. पोस्टमनसमोरच पाकीट फोडलं.

अर्जात 'इंटरनेट का बंद केलं?' असं मात्र विचारू नका. 'का'ला उत्तर मिळत नाही. तारीख आणि तालुका लिहून 'आदेशाची साक्षांकित प्रत' मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो. आणि झेरॉक्सवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझे २६ दिवस त्या पोचेमुळेच सिद्ध झाले.

आमच्या वेळी इंटरनेट बंदीचे २०१७ चे नियम होते. त्यांत आढावा समितीने ५ कामकाजी दिवसांत बैठक घेऊन आदेश तपासायचा होता. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांत तर आदेश कारणांसह प्रसिद्ध करणं थेट लिहिलेलंच आहे. समितीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त मी आता मागितलंय. अर्जाला आज १९ दिवस झाले.