जुन्या पद्मिनीची रबरे आणि आजचे पेट्रोल

घरात प्रीमियर पद्मिनी चालत्या स्थितीत ठेवलेली असल्यामुळे, ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तिच्या रबरांचे काय होणार, हा प्रश्न मला ओळखीचे लोक वारंवार विचारतात आणि बहुतेकांनी उत्तरही आधीच ठरवलेले असते: इथेनॉल रबर खाते. हे म्हणणे फार ढोबळ आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये रबर आधी फुगते व मऊ पडते. पुढे ते सुकले की आकसते, कडक होते आणि तडकते. माझ्या मते जुन्या गाडीचे जास्त नुकसान या दुसऱ्या टप्प्यात होते, आणि तो टप्पा गाडी उभी ठेवल्याने येतो.

जुन्या गाड्यांतील पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्राम (हलणारा लवचीक पडदा) आणि सील बहुधा नायट्राइल रबराचे असत. हे रबर ध्रुवीय असते, म्हणजे त्याच्या रेणूंत विद्युतभार असमान विभागलेला असतो, आणि पेट्रोलमधील हायड्रोकार्बन तसे नसतात, म्हणून ते त्यात फारसे शिरत नाहीत. इथेनॉल मात्र ध्रुवीय आहे. ते पेट्रोलमध्ये मिसळले की मिश्रणाचा स्वभाव रबराच्या अधिक जवळ जातो, आणि नुसत्या पेट्रोलमध्ये किंवा नुसत्या इथेनॉलमध्ये फुगेल त्यापेक्षा रबर या मिश्रणात जास्त फुगते. रबर लवचीक राहावे म्हणून कारखान्यात त्यात घातलेली द्रव्ये त्याच वेळी विरघळून निघून जातात.

मागे टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीचा रबरी तुकडा बदलला, तेव्हा जुना तुकडा ब्लेडने उभा चिरून पाहिला. बाहेरून तो ठीक दिसत होता. आतला थर चिकट झाला होता आणि बोट फिरवताच काळे लागत होते. खिडकीत वाळत ठेवल्यावर तोच तुकडा काही दिवसांत बारीक झाला आणि वाकवताच शिळ्या भाकरीसारखा तडकला. क्लिपच्या जागी खोल वळ कायम राहिला होता. म्हणजे अशी नळी सुकली की क्लिप जागच्या जागी दिसते, पण पकड उरलेली नसते.

सगळे खापर इथेनॉलवर फोडणेही बरोबर नाही. 2000 च्या फेब्रुवारीपर्यंत देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि शिसे गेल्यावर ऑक्टेन (पेट्रोलची इंजिनात ठोके न पडू देण्याची क्षमता) टिकवण्यासाठी ज्यांचा आधार घेतला गेला त्या अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे टोल्युइनसारख्या, घटकांनीही नायट्राइल रबर फुगते. बीएस-6 या प्रदूषण-मानकाच्या पेट्रोलमध्ये त्यांना 35 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्क्यांपासून सुरू झालेले इथेनॉलचे मिश्रण 2022 च्या जूनमध्ये देशभरात सरासरी 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोहोचले. शिवाय पंचवीस-तीस वर्षांची नळी कोणत्याही पेट्रोलमध्ये संशयास्पदच समजावी.

पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या खुलाशात, काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केट साधारण 20,000 ते 30,000 किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात आणि तो खर्च किरकोळ आहे, असे म्हटले होते. खर्चाबाबत ते खरे आहे. पण किलोमीटरचे माप रोज धावणाऱ्या गाडीला लागू पडते. रविवारी फेरी मारून पुन्हा झाकून ठेवल्या जाणाऱ्या गाडीला इतके अंतर कापायला दशक लागेल, आणि तोवर तिची रबरे कितीतरी वेळा फुगून सुकलेली असतील. कार्बोरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) फ्लोट चेंबरमधले, म्हणजे त्यातल्या छोट्या साठ्यातले, पेट्रोल गाडी उभी असताना उडून जाते, म्हणून पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या पातळ डायफ्रामवर हा प्रकार सर्वांत आधी दिसतो: पेडल दाबल्यावर इंजिन क्षणभर अडखळते.

इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पंपाचा डायफ्राम अधिक धोक्याचा. तो फाटला की पेट्रोल खालच्या छिद्रातून बाहेर गळते किंवा थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भागात, उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खराब करते.

नळी घेताना तिच्यावर छापलेले वाचावे. ‘एसएई जे-30 आर-9’ (एसएई ही वाहन-अभियंत्यांची संस्था, जे-30 हे तिचे इंधन-नळ्यांचे मानक) या नळीला आतून फ्लोरो-रबराचा थर असतो आणि तो इथेनॉल व अ‍ॅरोमॅटिक दोन्ही सोसतो. ‘आर-6’ ही त्याच मानकातली साधी, कमी दाबाची नळी. आर-9 टाकीच्या आत बुडवून वापरू नये, कारण तिचे बाहेरचे आवरण त्यासाठी केलेले नसते. डायफ्रामचा संच घेताना तो इथेनॉलला चालणारा आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. बाटलीतून मिळणारी मिश्रणे गंजापासून काही संरक्षण देत असतीलही, पण निघून गेलेली द्रव्ये ती रबरात परत घालू शकत नाहीत, त्यामुळे ते पैसे मी नळीवर खर्च करतो आणि नळी बसवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्लिपा पुन्हा आवळून घेतो.