बेस लोडचा पाठलाग : १२५ वॉटवरून ४४ वर

मंडळी, मागच्या नोंदीत फक्त मोजमापाचं सामान जमवल्याचं सांगितलं होतं, आता आकडे हातात आलेत त्यामुळे ही नोंद जरा लांबणार. वीज वाचवायचं म्हटलं की सगळे आधी गीझर आणि एसीकडे बघतात, साहजिकच आहे, २००० वॉट लिहिलेलं असतं त्यावर. पण २००० वॉटचा गीझर पाव तास चालला तर अर्धा युनिट होतो आणि १२५ वॉटचं काहीतरी दिवसभर गुपचूप चालत राहिलं तर ३ युनिट. महिन्याला ९०. म्हणून यावेळी मी मोठ्या उपकरणांना हातच लावायचा नाही असं ठरवलं, आधी घर झोपलेलं असताना काय खातं ते, म्हणजे बेस लोड, शोधायचं.

मोजायची पद्धत एकदम सोपी. घरच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं की एका युनिटला किती लुकलुक, माझ्यावर ३२०० आहे, काहींवर १६०० किंवा १००० असतं. दोन लुकलुकींच्या मधले सेकंद मोजायचे, ३२०० वाल्यांनी ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, उत्तर वॉटमध्ये येतं. १६०० असेल तर २२५० ला भागा. रात्री सगळे झोपल्यावर पंखे दोन मिनिटं बंद केले (शिव्या पडल्या), फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट बघितली, आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभी राहिले. एक लुकलुक... मग काहीच नाही... मग नऊ सेकंदांनी पुढची. परत नऊ. म्हणजे १२५ वॉट. दिवे बंद, टीव्ही बंद, पंखे बंद, आणि तरी १२५!

कमी लोडला एकाच गॅपवर भरवसा ठेवू नका, दहाएक लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढा. आणि मीटरला नुसतं बघायचं, सील वगैरेला हात लावायचा नाही, हे सांगायला नको.

पुढचं काम प्लग मीटरचं, म्हणजे सॉकेट आणि वस्तूच्या मधे लावायचा, वॉट दाखवणारा छोटा मीटर. एकेक वस्तू त्यावर लावत गेले तर यादी अशी निघाली: घरच्या इन्व्हर्टरचं चार्जिंग ३४, एसीचा स्टॅबिलायझर १६ आणि बंद एसी स्वतः ३, कॉम्प्युटरचा यूपीएस १८ (कॉम्प्युटर बंद असताना!), राउटर आणि फायबरचा डबा मिळून १४, सेटटॉप बॉक्स १३, टीव्ही १, स्पीकर ७, प्रिंटर ४, मायक्रोवेव्हचं घड्याळ ३, वॉशिंग मशीन १. बेरीज ११४. उरलेल्या ११ वॉटचा पत्ता अजून नाही, त्यावर शेवटी येते.

सेटटॉप बॉक्सचं बघा. रिमोटने बंद केला की लाल दिवा लागतो आणि आपल्याला वाटतं झोपला. माझ्याकडचा चालू असताना १४ घेतो आणि "बंद" असताना १३. म्हणजे ते बटण फक्त दिव्याचा रंग बदलतं असं म्हणायला हरकत नाही. उलट टीव्ही, जो आकाराने एवढा मोठा, तो स्टँडबायला जेमतेम १. याला कारण आहे. १९९८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या अ‍ॅलन मायर यांनी स्टँडबाय एका वॉटच्या आत आणा अशी कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ती उचलली, आणि युरोपात २०१० पासून साध्या स्टँडबायला १ वॉटची, २०१३ पासून अर्ध्या वॉटची कायद्याने मर्यादा आली (डिस्प्ले दाखवत बसणाऱ्यांना थोडी सूट). त्यामुळे गेल्या दहाएक वर्षातल्या टीव्ही, मायक्रोवेव्ह असल्या गोष्टींच्या मागे धावण्यात फार अर्थ नाही. चोर सापडतात ते जुन्या सामानात, आणि सतत जागं राहणं हेच ज्यांचं काम आहे त्या डब्यांत.

यावरून मोबाईल चार्जरचं सांगते कारण प्रत्येक ठिकाणी पहिला सल्ला तोच असतो, चार्जर सॉकेटमधून काढा. मी घरातले सगळे चार्जर एका एक्स्टेंशन बोर्डावर लावून एकत्र मोजले, कारण एकटा चार्जर लावला तर प्लग मीटर शून्यच दाखवतो, एवढं कमी त्याला कळतच नाही. सगळे मिळून एक वॉटसुद्धा भरेना. एक वॉट वर्षभर चालला तर ८.७६ युनिट, हा आकडा पाठ करून ठेवा, फार कामाला येतो. तर चार्जर काढायचे तर काढा, पण त्या समाधानात यूपीएस चालू राहू देऊ नका.

एक धोक्याची सूचना, खासकरून ज्यांनी क्लॅम्प मीटर घेतलाय त्यांना. वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा हा क्लॅम्प फक्त अँपिअर दाखवतो. २३० ने गुणलं की वॉट आले असं छोट्या अडॅप्टरच्या बाबतीत होत नाही, त्यांचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॉट किती ते प्रमाण) फार वाईट असतो. ०.०५ अँपिअर दिसतोय म्हणून ११.५ वॉट धराल आणि खरे असतील ३ किंवा ४. तुमच्याकडे बिल खऱ्या युनिटवर येत असेल तर (बहुतेक घरांना तसंच येतं) वॉट दाखवणारा मीटरच पाहिजे. आणि प्लग मीटरवर त्याची अँपिअरची मर्यादा छापलेली असते ती बघा, गीझरसारखा लोड १० अँपिअरच्या मीटरवर लावू नका, वितळतो.

आता काय काय केलं. कॉम्प्युटरचा यूपीएस, प्रिंटर, स्पीकर हे एका स्विचवाल्या बोर्डावर घेतले, काम झालं की एक बटण. टीव्ही आणि सेटटॉपचं तसंच. सेटटॉपला चालू व्हायला वेळ लागतो म्हणून दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली. स्टॅबिलायझरवर मात्र बाबांशी वाद. मी म्हटलं, "बाबा, एसी नसताना हा डबा बंद ठेवूया." तर म्हणे, "अगं, एसी बंद असला की तो पण बंदच असतो." म्हटलं हात लावून बघा. महिनाभर एसीला कोणी शिवलं नव्हतं आणि डबा चांगला कोमट! बाबांनी हात तसाच ठेवला थोडा वेळ, मग स्वतःच स्विच खाली केला. प्लग मीटर नसेल तर ही हाताची टेस्ट करा, जे भिंतीवर टांगलेलं आहे आणि गरम लागतं ते युनिट खातंय, उष्णता फुकट येत नाही.

इन्व्हर्टरचं प्रकरण वेगळं. तो बंद ठेवणं चुकीचं, लेड अ‍ॅसिड बॅटरी पडून राहिली की आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की खराब होते. पण ३४ वॉट जास्तच वाटत होते. बॅटरी म्हातारी झाली की ती पूर्ण भरल्यासारखी होतच नाही, चार्जर करंट ढकलत राहतो आणि तो करंट बॅटरी तापवण्यात आणि पाणी उडवण्यात जातो. आमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर वारंवार घालावं लागत होतंच, ती खूणच होती. तशीही बदलायची वेळ आली होती, नवीन लावल्यावर भरलेल्या अवस्थेत १५ वॉट. निव्वळ वीज वाचवायला बॅटरी बदला असं मी म्हणणार नाही, हिशोब बसत नाही, पण पाणी जास्त पीत असेल तर बिलातही दिसतंय हे लक्षात घ्या.

या सगळ्यानंतर रात्रीचा आकडा ४४ वॉट. लुकलुक आता पंचवीस-सव्वीस सेकंदांनी होते. कागदावर ८१ वॉट म्हणजे महिन्याला ५८ युनिट, पण टीव्ही, कॉम्प्युटर काही तास चालतातच आणि तेव्हा ते डबे लागतातच, एसीचे महिने आले की स्टॅबिलायझर पण, त्यामुळे मी ५० च्या आसपासच धरते. आणि जिथे बिलाचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो तिथे हे ५० युनिट सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात हे विसरू नका. स्थिर आकार मात्र तसाच राहतो, त्यामुळे युनिट २० टक्के कमी झाले म्हणून बिल बरोबर २० टक्के उतरेल असं नाही.

आता फ्रिज. हा मोजायचा तर कमीत कमी २४ तास, मी आठवडाभर लावून ठेवला. पाच मिनिटं मीटर लावून "माझा फ्रिज ९० वॉट घेतो" असं म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते, फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायला आत हीटर असतो, तो दिवसातून एखाद दोनदा लागतो आणि तेव्हा कॉम्प्रेसर बंद असूनही मीटरवर एकदम काही शे वॉट दिसतात. पहिल्यांदा बघितलं की माणूस दचकतो. माझा दिवसाला १.६ युनिट घेत होता. दाराचं रबर तपासलं, कागद दारात अडकवून ओढायचा, सहज निघाला तर तिथे फट. खालच्या कोपऱ्यात निघत होता. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं, त्यात साठलेला काळा थर निघाला, मागच्या जाळीची धूळ काढली, फ्रिज भिंतीपासून हातभर नाही पण वीतभर पुढे ओढला, आणि आतलं तापमान २ वरून ४ अंशांवर नेलं, फ्रीझर उणे १८ वरच. आता १.३. पण हा आकडा मी अजून पक्का धरत नाहीये, कारण मधे हवा थोडी गार झाली आणि फ्रिजचा खर्च खोलीच्या तापमानावर खूप हलतो. खरी तुलना करायची तर तेवढ्याच उकाड्यात परत आठवडाभर मोजायला पाहिजे. उन्हाळ्यात "आधी" आणि थंडीत "नंतर" मोजून टाळ्या वाजवणाऱ्या पोस्ट खूप दिसतात, सोडून द्या.

पंखे मी हळूहळू बदलतेय. जुना ७५ वॉट, नवीन बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या बिनब्रशच्या मोटरचा) फुल स्पीडला ३०. बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट. पण खरी मजा कमी स्पीडला आहे. पंख्याला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनात बदलते, वेग निम्मा केला की काम आठव्या हिश्श्यावर येतं, आणि बीएलडीसी हे बऱ्यापैकी पाळतो, माझा दोनवर ठेवला की ६ वॉट. जुना मोठा खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो स्पीड कमी करताना उरलेली वीज स्वतःच्या आत जाळतो, तो आधी काढा. आणि बीएलडीसी लावताना भिंतीवरचा रेग्युलेटर, इलेक्ट्रॉनिक असला तरी, मधून काढून टाका, नाहीतर पंख्याचं सर्किट उडू शकतं.

दिव्यांबद्दल काय लिहायचं, सगळ्यांचे एलईडी झालेत. फक्त जिन्यात, बाथरूममध्ये कुठे तांब्याच्या चोकवाली ट्यूब उरली असेल तर बघा, ३६ ची ट्यूब आणि वर चोकचे दहाएक.

गीझरला हात लावणार नाही म्हटलं होतं तरी कागदावर हिशोब केलाच. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला १.१६ युनिट लागतात, कुठल्याही कंपनीचा गीझर असो, कितीही स्टार असोत, पाणी तेवढीच उष्णता मागतं. स्टारचा फरक पडतो तो टाकी गरम ठेवताना गळणाऱ्या उष्णतेत. म्हणजे दोनच गोष्टी हातात, गरम पाणी कमी वापरणं आणि टाकी उगाच तापवून न ठेवणं. थर्मोस्टॅट फार खाली आणा असा सल्ला पण फिरतो, पण कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस साठून राहिलं तर त्यात लेजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो, म्हणून सतत चालू राहणारी टाकी असेल तर ६० अंश ठेवलेलेच बरे.

पाण्याच्या पंपाने मात्र आश्चर्य वाटलं. १००० लिटर पाणी १० मीटर वर चढवायला शुद्ध भौतिकशास्त्राप्रमाणे ०.०२७ युनिट पुरतात. आमचा पंप ०.१४ घेतो, म्हणजे पाचातला एकच भाग पाण्याला मिळतो, तरीसुद्धा एकूण रक्कम किरकोळच. टाकी भरून वाहत नसेल तर पंपाच्या मागे लागू नका.

आता ते ११ वॉट. संशय तिघांवर आहे: दारावरच्या बेलचा जुना ट्रान्सफॉर्मर, फ्रिजचं कंट्रोल सर्किट, आणि मागच्या खोलीतल्या कपाटामागचं एक सॉकेट ज्यात काय लावलंय ते घरात कोणालाच आठवत नाही आणि कपाट हलवायला कोणी तयार नाही. पुढच्या रविवारी एकेक एमसीबी (फ्यूजच्या जागी असतो तो स्विच) पाडत मीटरचे सेकंद मोजणार आहे, ज्याच्यावर गॅप वाढेल त्या लाइनवर शोध. एक अडचण दिसतेय, बरेच घरगुती मीटर बेसिक करंटच्या (मीटरवर छापलेला मूळ अँपिअरचा आकडा) ०.४ टक्क्यांपासून मोजायला लागतात, ५ अँपिअर बेसिकवाल्यात ते २० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉटच्या आसपास. त्याखाली एकटा लोड उरला तर लुकलुक थांबूनच जाईल. म्हणून राउटर चालू ठेवूनच मोजायचं आणि त्याचे १४ वजा करायचे. तीन-चार वॉटचा फरक एवढ्यात नीट पकडता येतो का ते आकड्यांसकट पुढच्या नोंदीत टाकते.